इंदूरच्या उन्हातले चेहरे

इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला येतं. त्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या आणि मग जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला, सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साडेबारा वाजलेले असतात, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि इंदूर ७६ अंशांच्या आसपास आहे. त्या वेळी उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे नीट पाहावं. कपाळ आणि गालांचे उंचवटे पांढरे चमकतात. भुवयांची सावली खाली उतरून डोळ्यांच्या जागी काळोख करते. नाकाची सावली वरच्या ओठावर मिशीसारखी पडते. मे महिन्यात सूर्य याहून फारसा कलता नसतो, आणि आपल्या मुंजी, लग्नं, साखरपुडे नेमके त्याच दिवसांत येतात.

डिसेंबरात गोष्ट वेगळी. भर मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४४ अंशांवरच असतो, आणि स्टुडिओत मुख्य दिवा लावतात तो साधारण ४५ अंशांवरच. म्हणजे हिवाळ्यात इंदूरच्या दुपारी, माणसाला थोडं तिरकं उभं केलं की स्टुडिओचा दिवा फुकट मिळतो. मे महिन्यात हाच कोन सकाळी नऊच्या सुमाराला असतो आणि दहापर्यंत निघून गेलेला असतो.

फोटो एडिट करायला बसण्याआधी हा हिशेब डोक्यात असावा, कारण बाहेर काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये जे बिघडतं त्यातलं बरंचसं प्रकाशामुळे बिघडतं. सूर्याचा कोन, झाडांची हिरवी छटा, मांडवाच्या कापडाचा रंग, मागच्या काळ्या दगडामुळे फसलेला कॅमेरा. एडिटिंगने हे सगळं बऱ्यापैकी सावरता येतं. माणसाची कातडी मात्र मुळात बिघडलेली नसते, आणि तिला हात लावायला लागलं की चांगला फोटो वाया जातो. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे. बाकी सगळा तपशील ते कसं करायचं याचा आहे.

या शहरात चेहऱ्यांवर हात फिरवण्याचं काम जुनं आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमाराला त्यांनी कॅमेरा हाती घेतला. ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांचं पाठबळ मिळालं आणि इथेच त्यांचा पहिला स्टुडिओ उभा राहिला. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश दिसायचा, लाल जवळजवळ दिसतच नसे. आपल्या कातडीतून परत येणारा प्रकाश बहुतांशी लाल-पिवळ्या अंगाचा, त्यामुळे गव्हाळ माणूस प्लेटवर प्रत्यक्षापेक्षा बराच काळा उमटे. कुंकू तर थेट काळं. आकाशाचा निळा मात्र पांढराफटक. मग निगेटिव्ह उजेडासमोर तिरकी ठेवून रिटच करणारा कारागीर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने चेहऱ्याच्या जागी हलके ठिपके भरायचा. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल तिथे प्रिंट उजळ येते. प्लेटमध्ये जी उणीव होती ती हा हात भरून काढत असे.

आजच्या सेन्सरमध्ये ती उणीव राहिलेली नाही. तपकिरी, तांबूस, सावळ्या सगळ्या छटा त्याला उत्तम दिसतात. तरी लग्नाच्या अल्बमचं काम सुरू झालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "भिया, थोडा गोरा कर देना." आणि करणारे करतात. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑरेंजची ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजेड) ४० पर्यंत ओढायची, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) २० ने पाडायचं, झालं. यात तांत्रिकदृष्ट्या काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. माणसाची कातडी, गोरी असो वा सावळी, रंगचक्रावर जवळपास एकाच पट्ट्यात बसते: नारिंगी, थोडा लाल, थोडा पिवळा. सावळेपणा म्हणजे तोच नारिंगी, कमी उजेडाचा. त्यामुळे ऑरेंजचा उजेड वाढवला की गालाखालची, हनुवटीखालची, नाकाच्या बाजूची सावलीही त्याच मापाने वर येते, कारण तीही नारिंगीच असते. चेहऱ्याचा घाट ज्या सावल्यांमुळे दिसतो त्या पुसल्या जातात आणि चेहरा कागदासारखा सपाट होतो. हळदीच्या कार्यक्रमातली हळद फिकट होते. मागचं लाकूड, माती, विटा राखी पडतात. आणि फक्त चेहऱ्यावर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, हे केलं तर मान एका माणसाची आणि चेहरा दुसऱ्याचा दिसतो. ऑरेंज ल्युमिनन्स ५ ते १० पर्यंत, तेही ढगाळ दिवशीच्या मळकट फोटोला, एवढं मी समजू शकतो. त्यापुढे नाही.

चेहरा उजेडात हवा असेल तर एक्स्पोजर वाढवावं. त्याने सावळा माणूस सावळाच राहतो आणि नीट दिसतो. या दोन गोष्टींतला फरक लक्षात आला की निम्मं एडिटिंग आपोआप सुधारतं.

आता फाइलविषयी. फोनवर काढणार असाल तर आधी कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड शून्यावर आणा. बऱ्याच फोनमध्ये तो मुळातच चालू असतो, आणि त्याने केलेला गुळगुळीतपणा फाइलमध्येच शिजलेला असल्यामुळे नंतर कुठल्याही ॲपने काढता येत नाही. नथीचे मोती एकमेकांत मिसळलेले, मंगळसूत्राचे मणी रेघ झालेले, आजीच्या हनुवटीवरचं गोंदण अर्धवट पुसलेलं, ही सगळी त्याची कामं. जमत असेल तर रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल, काढावं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटमध्ये १६,३८४. डोळ्यांभोवतीचा काळोख वर उचलताना जेपेग लगेच ठिपक्या-ठिपक्यांचा आणि पट्ट्यापट्ट्यांचा होतो, त्याचं कारण हे. पैसे खर्च करायचे नसतील तर कॉम्प्युटरवर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, फोनवर स्नॅपसीड. पहिल्या दोन्हींत इथे सांगितलेलं बरंचसं होतं, स्नॅपसीडमध्ये त्यातलं काही.

आणखी एक, स्क्रीन. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळा प्रकाश लावणारी सोय आणि आपोआप उजेड कमीजास्त करणारी सोय, दोन्ही एडिट करताना बंद ठेवा. पिवळ्या स्क्रीनवर बरोबर केलेला चेहरा सकाळी निळसर, आजारी दिसतो.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे प्रकाशाची रंगछटा फोटोतून वजा करण्याला. लालबागेतल्या मोठ्या झाडांखाली उभं राहिलं की पानांतून गाळून आलेला आणि गवतावरून उसळलेला, असा दोन्हीकडून हिरवा प्रकाश चेहऱ्यावर पडतो. प्रत्यक्षात मेंदू तो वजा करतो, कॅमेरा करत नाही. जबड्याखाली आणि डोळ्यांखाली हिरवट-राखी झाक दिसते, आणि लोक तिला 'फोटो डल आला' म्हणून सॅच्युरेशन वाढवतात. त्याने हिरवटपणाही वाढतो. उपाय टिंटमध्ये (हिरवा आणि मॅजेंटा यांचा तोल) आहे: स्लायडर मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, ८ ते १५. अडचण अशी की सबंध फोटोवर केलं तर मागची पानं मेलेली, तपकिरी दिसायला लागतात. म्हणून सबंध फोटोला ४-५ द्यावं आणि उरलेलं फक्त माणसाच्या मास्कवर. सावलीतल्या प्रकाशाचं तापमान ७,००० ते ७,५०० केल्विन असतं, उघड्या उन्हाचं ५,२०० ते ५,५००. कॅमेऱ्याने सावली ओळखली नसेल तर चेहरा निळसर येतो. आकडा वर नेला की फोटो उबदार होतो. इथे उबदारपणाचा मोह आवरावा लागतो, कारण थोडा पिवळेपणा पहिल्या नजरेला नेहमीच बरा वाटतो.

ड्रॉपर, म्हणजे फोटोतली तटस्थ जागा दाखवून व्हाइट बॅलन्स ठरवायचं साधन, वापरणाऱ्यांसाठी एक धोका. मुंजीत, सत्यनारायणाला, सगळीकडे कुणी ना कुणी पांढऱ्याशुभ्र धोतरात किंवा सदऱ्यात असतं आणि हात आपोआप तिथे जातो. पण आपले पांढरे कपडे पांढरे नसतात. त्यांत नीळ असते, किंवा साबणातली चमक आणणारी रसायनं, जी अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश परत देतात. उन्हात तर जास्तच. ड्रॉपर त्या निळसर कापडाला तटस्थ धरतो आणि फोटो पिवळा पाडतो. त्यापेक्षा सिमेंटचा कट्टा किंवा राखी फरशी बरी, अर्थात त्याच प्रकाशात असलेली. खरा इलाज ग्रे कार्ड, म्हणजे तटस्थ राखी रंगाचं कार्ड. जागा बदलली की एक फोटो कार्ड हातात धरून काढावा, बाकीच्यांना तेच आकडे लावावेत.

सगळं करून शंका उरलीच तर आकड्यांकडे पाहावं. लाइटरूम क्लासिक या कॉम्प्युटर आवृत्तीत हिस्टोग्रामखाली (उजेडाच्या आलेखाखाली) लाल, हिरवा, निळा यांची टक्केवारी दिसते. गालाच्या उजेडातल्या भागावर कर्सर न्या. लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा, हा क्रम असायलाच हवा. ६८-५२-४२ असा गोरा गाल असेल, ४५-३२-२५ असा सावळा. दोन्ही निरोगी आहेत. निळा हिरव्याच्या बरोबरीला आला तर चेहरा गुलाबी-जांभळा झाला आहे. हिरवा लालला भिडला तर कावीळ. डोळे थकल्यावर हा क्रम फार उपयोगी पडतो.

मांडवाचं काय करायचं? लाल-पिवळ्या कापडातून आलेल्या उजेडात निळा रंग जवळजवळ उरलेलाच नसतो, आणि जे आलंच नाही ते व्हाइट बॅलन्स परत आणू शकत नाही. केल्विन खाली ओढत गेलात तर चेहरा राखी होतो, बरोबर होत नाही. अर्ध्यावर थांबावं, किंचित केशरी राहू द्यावं. त्या वेळी तिथे तसाच प्रकाश होता. शक्य असेल तेव्हा नवरीला मांडवाच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून दोन मिनिटं उभं करावं. गांधी हॉलच्या कमानींखाली उभं राहिल्यावर बाहेरच्या आकाशाचा जो मऊ प्रकाश समोरून मिळतो, तसा तिथेही मिळतो.

एक्स्पोजरमध्ये इंदूरची स्वतःची एक फसगत आहे. राजवाड्यासमोर फोटो काढायची सगळ्यांना हौस. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि सगळाच भाग गडद. कॅमेरा चौकटीचा सरासरी उजेड मोजतो, गडद भिंत पाहून फोटो अंधारा आहे असं समजतो आणि एक्स्पोजर वाढवतो. भिंत राखाडी येते आणि समोरचा चेहरा जळतो. काढतानाच फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून उजेड थोडा खाली ओढावा, कॅमेऱ्यावर उणे ०.७ द्यावं. नंतर हाती लागतं ते असं: हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) उणे ३० ते ५०. त्यात कपाळाचा तपशील परत आला तर ठीक. लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग शंभरावर जाऊन अडकले असतील तर हायलाइट्स कितीही ओढा, कपाळावर फक्त राखी डाग मिळतो. तो डाग पांढऱ्या चमकेपेक्षा वाईट दिसतो. अशा वेळी हायलाइट्स परत उणे १५ वर न्यावेत आणि चमक राहू द्यावी.

मुंजीतल्या बटूच्या गोट्यावरची चमक हा याचाच प्रकार. ताजं मुंडन, वर तेल किंवा घाम, वरून मेचं ऊन. तो ठिपका पूर्ण काढला तर डोकं प्लॅस्टिकचं दिसतं. हीलिंगचा (डाग झाकायच्या ब्रशचा) एक ठोका चमकेवर, शेजारची कातडी उगम म्हणून निवडलेली, आणि त्याची ओपॅसिटी (झाकण्याचं प्रमाण) ४० ते ५०. चमक निम्मी होते, गोलाई राहते. मोठ्यांच्या कपाळावरच्या घामालाही हेच. एक टिपकागद खिशात असला तर हे सगळं कामच वाचतं.

संध्याकाळी पिपल्यापाला तलावाच्या काठी सूर्य पाठीशी घेऊन काढलेले फोटो उलट दिशेने बिघडतात: केसांभोवती सोनेरी कड सुरेख, चेहरा दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट उजेड) अंधारात. एक्स्पोजरच्या स्लायडरवर एक म्हणजे दुप्पट उजेड, हे लक्षात ठेवून चेहऱ्याच्या मास्कला ०.७ ते १ द्यावा, त्याहून जास्त नाही. मागून सूर्य असताना समोरचा चेहरा आकाशाइतका उजळ असूच शकत नाही, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खोटेपणा जाणवतो. लेन्समध्ये ऊन शिरून धुरकटपणा आला असेल तर ब्लॅक्स उणे १०. डीहेझ ५ ते १० च्या पुढे नेलं की कातडीचा रंग अंगावर येतो, म्हणून ते शक्यतो पार्श्वभूमीलाच लावावं.

आता लाल रंग. याच्याविषयी इंदूरमध्ये जास्त बोललं पाहिजे, कारण रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. राजवाड्याच्या परिसरात गुलालाने माखलेले चेहरे टिपायला दरवर्षी कॅमेऱ्यांची गर्दी होते, आणि फोटोंत बहुतेक ठिकाणी गुलाल म्हणजे नुसता एक सपाट लाल-गुलाबी चट्टा असतो. चूर्णाचे कण, त्याखालची कातडी, घामाचे ओघळ, काही दिसत नाही. कारण असं की एकूण उजेड बेताचा असला तरी एकटा लाल चॅनेल टोकाला जाऊन अडकतो. पांढरा एकच हिस्टोग्राम पाहणाऱ्याला हे कळत नाही. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम चालू करून लाल उजव्या भिंतीला टेकला आहे का ते पाहायचं. गेरीत काढताना अर्धा ते एक स्टॉप कमीच काढावं. एडिटमध्ये आधी एकूण एक्स्पोजर खाली, मग रेड आणि मॅजेंटाची ल्युमिनन्स उणे १० ते २०, सॅच्युरेशन उणे १५. रंग 'कमी' करताना जीवावर येतं, पण केल्यावर गुलालाचे कण सुटे दिसायला लागतात आणि तो जास्त लाल वाटतो. मग उजेड फक्त डोळ्यांना द्यायचा. रंगलेल्या चेहऱ्यात डोळे एवढीच एक स्वच्छ जागा असते. व्हायब्रन्स आणि सॅच्युरेशनचे सार्वत्रिक स्लायडर अशा फोटोत शून्यावरच असू देत.

हळदीकुंकवाच्या फोटोतलं कुंकू, शालू, लाल फेटा यांचंही असंच. कुंकवाची कड स्पष्ट असली पाहिजे. ती कातडीत पसरलेली दिसली तर लाल चॅनेल फुटला आहे. रॉमधून एसआरजीबीत (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपटात) निर्यात करतानाही हा रंग पुन्हा एकदा आवळला जातो, म्हणून निर्यात केलेली फाइल उघडून कुंकू एकदा तपासावं. डोहाळजेवणाच्या फोटोत अडचण हिरव्याची असते. हिरवी साडी, मागे हिरवी बाग, हिरव्या बांगड्या. पार्श्वभूमीवर मास्क घेऊन तिथल्या पानांचं सॅच्युरेशन २०-२५ ने पाडलं आणि उजेड ०.३ ते ०.५ ने उतरवला की साडी पुढे येते. साडीला हात लावायची गरज पडत नाही, आणि लावूही नये, कारण तो रंग कुणीतरी दुकानात तासभर बसून निवडलेला असतो.

डोळ्यांखालच्या सावल्या हे सगळ्यांत नाजूक काम. दुपारच्या फोटोत दोन्ही डोळ्यांच्या खोबणींवर मऊ कडेचा ब्रश, फेदर भरपूर, एक्स्पोजर ०.४ ते ०.६, शॅडोज १० ते १५. मग मास्क बंद-चालू करून पाहा. चालू केल्यावर 'डोळे उघडले' असं वाटलं तर बरोबर. 'डोळ्यांवर काहीतरी लावलंय' असं वाटलं तर निम्मं करा. स्नॅपसीडमध्ये ब्रशमधला डॉज अँड बर्न ५ वर ठेवून दोन-तीन हलके हात पुरतात. १० एकदम दिसतं. बुबुळाला ०.२ ते ०.४ एवढाच उजेड. डोळ्यांचा पांढरा भाग खरोखर पांढरा कधीच नसतो, त्यात तांबूस-राखी छटा असते. ती काढली की बाहुलीचे डोळे होतात. दातांचंही तेच: पिवळ्याचं सॅच्युरेशन २० ते ३० ने कमी करा, उजेड वाढवू नका.

डोळ्यांत चमकेचा ठिपका नसेल तर तो एडिटमध्ये रंगवू नये. हे माझं ठाम मत आहे. तो ठिपका म्हणजे समोरच्या प्रकाशाचं प्रतिबिंब, आणि सावल्या वरून पडलेल्या असताना डोळ्यांत समोरचा दिवा दिसला की चेहरा विसंगत होतो. काढताना कमरेच्या उंचीवर थर्माकोलचा पांढरा शीट धरला तर ठिपकाही मिळतो आणि खोबणीतली सावलीही भरते. चार बाय दोन फुटांचा तुकडा पुरतो, आणि धरायला घरातला एखादा भाचा.

हीलिंगबद्दल नियम सोपा आहे. चार दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते काढावं: पुटकुळी, डासाचा चावा, गालाला चिकटलेला केस, कपड्यावरचा दोरा. जे त्या माणसाचं आहे ते ठेवावं. तीळ, जुनी जखम, देवीचे व्रण, गोंदण, हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेघा. एखाद्याला स्वतःलाच ते नको असेल तर प्रश्न वेगळा, पण मग त्याने सांगावं, आपण ठरवू नये. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पूर्ण न पुसता ४०-५० टक्क्यांनी हलकी करावीत. कातडी मऊ करायचीच असेल तर टेक्स्चर उणे १० ते १५, मास्क फक्त गाल-कपाळावर. भुवया, पापण्या, ओठ आणि नथ बाहेर. क्लॅरिटी उणे करू नका, तिने कातडीवर दुधाळ धुकं येतं.

कापडाच्या बाबतीत महेश्वरी साडी कॅमेऱ्याची परीक्षा घेते. महेश्वरच्या घाटावर काढलेल्या फोटोत बारीक चौकडी किंवा रेघांवर कधी कधी इंद्रधनुषी लाटा दिसतात. विणीच्या रेघा आणि सेन्सरच्या पिक्सेलच्या रांगा एकमेकांत गुंतल्यामुळे त्या येतात. मोआरे (याच लाटा) काढण्याचा ब्रश असेल तर पदरावर फिरवावा. नसेल तर त्या जागेचं सॅच्युरेशन उतरवावं, निदान रंगीत लाटा जातात. फोटो लहान करतानाही या लाटा नव्याने उमटू शकतात, तेव्हा मोठ्या फाइलमध्ये नाहीत म्हणून निश्चिंत राहू नये. जरीच्या काठावरचे चमकणारे ठिपके मात्र जळलेले असले तरी चालतात. धातूची चमक तशीच असते. ती दाबली की जर सुती पिवळ्या दोऱ्यासारखी दिसते.

पार्श्वभूमीचं काम बहुतेक कातरीचंच आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (होळकरांच्या स्मारकांपाशी) मागे येणारी वाहनं, राजवाड्यावरून जाणाऱ्या तारा, फलक यांतलं निम्मं क्रॉपमध्ये जातं. क्रॉप सांध्यावर करू नये. मनगट, कोपर, गुडघा यांच्या थोडं वर किंवा खाली. छपाईसाठी २:३ हे प्रमाण आधीच ठरवावं, नाहीतर लॅबमध्ये डोक्यावरचा फेटा कापला जातो. फोनचा पोर्ट्रेट मोड वापरला असेल तर केसांच्या आणि गजऱ्याच्या कडा शंभर टक्के मोठ्या करून तपासाव्यात. तिथे धूसरपणा आत शिरतो, आणि बटांमधल्या पोकळीत मागची भिंत स्पष्ट दिसत राहते. इमारत मागे पडलेली वाटते म्हणून व्हर्टिकल सरळ केलं की माणूसही ताणला जातो, डोकं मोठं होतं. इमारत थोडी झुकलेली चालेल, चेहरा ताणलेला चालत नाही. आणि फोनच्या रुंद लेन्सने दोन फुटांवरून काढलेलं मोठं नाक कुठल्याही स्लायडरने नीट होत नाही. दोन पावलं मागे जाऊन २एक्स वापरणं हाच उपाय.

शार्पनिंग शेवटी. अमाउंट ४०, रेडियस १, आणि मास्किंग ६० ते ८०, म्हणजे पापण्या आणि केसांवर धार येते, गालावरची छिद्रं वाढत नाहीत.

निर्यात एसआरजीबीमध्येच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर मोठी बाजू १,६०० पिक्सेलच्या आसपास आणून दाबला जातो आणि कातडीच्या सौम्य उतारांवर चौकोन दिसू लागतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी पोचते. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरून ४×६ ला १,२००×१,८०० आणि ८×१२ ला २,४००×३,६००. कागद स्वतःहून उजेड देत नाही, त्यामुळे स्क्रीनवर बरोबर वाटलेला सावळा चेहरा प्रिंटमध्ये एक पायरी अंधारा येतो. छपाईची प्रत वेगळी करून तिला ०.२ ते ०.३ एक्स्पोजर जास्त द्यावं. आधी ४×६ ची एकच प्रिंट मागवावी, ती ट्यूबलाइटखाली न पाहता खिडकीशी दिवसाच्या उजेडात पाहावी, आणि मगच अल्बमची ऑर्डर द्यावी. ऑर्डर देताना काउंटरवर स्पष्ट सांगावं की करेक्शन करू नका, आहे तशी छापा. नाहीतर तिथलं मशीन किंवा माणूस सवयीने सगळे चेहरे एक पायरी गोरे करून देतो. पहिली प्रिंट आली की फोटोतल्या माणसाचा हात तिच्याशेजारी धरून बघावा. गडद वाटली तर उजेड आणखी ०.१ ने वाढवावा, गुलाबी वाटली तर टिंट २-३ ने हिरव्याकडे न्यावा, आणि पुन्हा एक ४×६ मागवावी.